कोरडी नळी

१

नळी रिकामी होती. मशीनवर काम करणाऱ्या दादांनी ती उजेडासमोर धरली, उलटी केली, टिचकी मारून पाहिली, आणि पुन्हा उजेडासमोर धरली.

त्या नळीत वरच्या मजल्यावर, मुलांच्या वॉर्डात असलेल्या एका लहान मुलीच्या मणक्यातून काढलेलं पाणी असायला हवं होतं. तिच्या मेंदूला सूज आली होती. ती कोणत्या जंतूने आली हे कळल्याशिवाय औषध ठरत नव्हतं, आणि अंदाजाने चुकीचं औषध दिलं असतं तर सूज उतरायच्या ऐवजी चढली असती. पाणी निघालं तेही जेमतेम, तळव्यावर घेतलं तर नुसता ओलावा वाटावा एवढं. तेवढ्यासाठीसुद्धा मुलगी पार गळून गेली होती. वॉर्डातल्या डॉक्टरबाईंनी ते खाली पाठवताना निरोप दिला होता की पुन्हा सुई टोचलेली या मुलीला सोसणार नाही, तेव्हा जपून वापरा.

आणि आता नळी रिकामी. मशीनने ज्या प्लेटमध्ये ते पाणी सोडायचं, तिच्यातला मुलीचा खळगाही कोरडा ठणठणीत. शेजारच्या खळग्यांत ज्याचं त्याचं पाणी नीट पडलेलं. संगणकाच्या पडद्यावर मात्र हिरव्या अक्षरांत झळकत होतं: काम पूर्ण, चूक नाही.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी तपासाला बोलावलं ते गुणवत्ता विभागाच्या मॅडमना. त्यांना समोर सगळे मॅडम म्हणत आणि पाठ वळली की सासूबाई. हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना स्वतःला ना सून होती ना मुलगा, पण लोकांच्या कामात खोट काढायची त्यांची हातोटी अशी की दुसरं नाव शोभलंच नसतं. टेबलावर पेन तिरपं पडलेलं दिसलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

मशीनच्या बाबतीत तर त्यांचा शब्द शेवटचा. हे मशीन म्हणजे काचेच्या पेटीत सरकणारा एक हात. प्रत्येक वेळी नवी प्लास्टिकची टिप बोटात घालायची, नळीतून पाणी ओढायचं, प्लेटच्या खळग्यावर जाऊन सोडायचं आणि वापरलेली टिप कचऱ्याच्या डब्यात टाकायची, एवढंच त्याचं काम. त्याला डोळे नव्हते. ओट्यावर कुठे कोणता रॅक, रॅकमध्ये कोणत्या जातीची नळी, ती किती उंच, तळ कुठे, आत कोणतं पाणी आणि किती, हे सगळं आधी संगणकात मांडून द्यावं लागे. तिथे जे सांगितलं तेच मशीनचं जग. म्हणून त्या मांडणीतला केसही सासूबाईंच्या सहीशिवाय हलवायचा नाही, असा त्यांचा नियम होता.

"मांडणी तपासायची गरज नाही, मॅडम," साहेब आत येताच म्हणाले. "पाणी चोरीला गेलंय. आणि चोर कोण तेही मला माहीत आहे."

२

साहेबांच्या मते चोर म्हणजे प्रोफेसर. ते खरे प्रोफेसर नव्हते. शेजारच्या खोलीत संशोधन करणारा, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणारा हा माणूस अशा आजाऱ्यांच्या मणक्यातलं पाणी वर्षानुवर्षं जमवत होता. तपासणी झाली की उरलेलं मागायला यायचा. या मुलीचं पाणी आलं तेव्हाही आला होता, आणि सासूबाईंनी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं.

"आज सकाळी तुम्ही मशीनच्या खोलीत होतात," सासूबाई म्हणाल्या.

"होतो ना. नाही कशाला म्हणू?"

"कशासाठी?"

"दादांच्या हातापाया पडायला. म्हटलं, नळीच्या तळाशी काही राहिलं तर मला द्या. तुम्ही नाही म्हणालात, पण तळाशी राहतंच की हो थोडं. ते शेवटी नाल्यातच जातं."

"दादांनी दिलं?"

"दादा? ते खोलीत नव्हतेच. मशीन चालू होतं, काचेचं झाकण बंद. मी बाहेरून बघत उभा राहिलो, कंटाळलो आणि निघून गेलो." प्रोफेसरांनी डोक्यावरचा चष्मा चाचपला. "मॅडम, माझ्यावर आळ येणार हे मला कळतंय. पण मी ते पाणी चोरून काय करू? कोणाचं आहे ते सांगितल्याशिवाय माझा अभ्यास छापून येत नाही. चोरीच्या पाण्याचं मी लोणचं घालू?"

बोलण्यात तथ्य होतं. शिवाय मशीन चालू असताना झाकण उघडलं तर ते जागच्या जागी थांबतं, आणि पडद्यावर लाल अक्षरं येतात. आज एकही लाल अक्षर आलेलं नव्हतं. सासूबाई जायला उठल्या.

"एक मात्र आहे," प्रोफेसर मागून म्हणाले. "मी उभा होतो तेव्हा डब्यात काहीतरी वाजलं. टिपा पडतात तेव्हा कधी आवाज येतो का? पिसासारख्या असतात त्या. पण त्यातली एक पडली ती टण्णकन. काच पडावी तशी."

"मशीनच्या ओट्यावर काच नसते," सासूबाई म्हणाल्या. "तिथलं सगळं प्लास्टिक आहे."

"तेच तर म्हणतोय मी," प्रोफेसर म्हणाले.

३

सासूबाई मशीनच्या खोलीत आल्या आणि दार लावून घेतलं. आधी त्यांनी वॉर्डातून आलेली बाटली पाहिली. आतून ओलसर होती, काठाला पिवळट डाग. म्हणजे पाणी बाटलीतून बाहेर निघालं होतं, यात शंका नाही. मग मशीनची नळी घेतली. तिच्यावरची चिठ्ठी मुलीचीच, चिकटवलेली, न सुटलेली. नळी बदललेली नव्हती.

त्यांनी टिपकागदाची बारीक सुरळी केली, नळीच्या तळाशी फिरवली आणि बाहेर काढली. कागद कोरा. पुन्हा फिरवली. पुन्हा कोरा.

नळी कितीही रिकामी केली तरी भिंतींना थोडं पाणी धरून राहतंच. या पाण्याचा तर वाळल्यावरही डाग राहतो. इथे डाग नव्हता, ओल नव्हती. या नळीतून कोणी पाणी काढून घेतलंच नव्हतं. या नळीच्या तळाला पाणी कधी लागलंच नव्हतं.

त्यांनी दादांना आत बोलावलं. दादा वयाने त्यांच्याच बरोबरीचे, हाताला कधी कंप नाही.

"बाटलीतलं पाणी तुम्हीच नळीत घेतलंत?"

"मीच, मॅडम. या हातांनी."

"सगळं?"

"थेंबही ठेवला नाही. मुलीच्या आईला मी जिन्यात पाहिलं होतं. कुणालाही विचारत होती, रिपोर्ट झाला का, झाला का. तिला बघून मी थेंब कसा सोडेन?"

"मग नळी रॅकमध्ये ठेवलीत आणि निघून गेलात?"

"नाही हो. ठेवल्यावर वाकून बघितलं. पाणी दिसत होतं चांगलं, पिवळसर. मनात म्हटलं, देवा, आता मशीनला सुबुद्धी दे. आणि मग बटण दाबलं."

"मशीनच्या नळीखेरीज आणखी काही वापरलंत?"

दादांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळेना. "नियमाप्रमाणेच सगळं," ते म्हणाले आणि खाली पाहू लागले. कुठेतरी पाणी मुरत होतं.

दादा गेल्यावर सासूबाईंनी दुसरी नळी घेतली. मुलीचं जेवढं पाणी होतं तेवढंच साधं पाणी तिच्यात घातलं, चहाच्या दोन थेंबांनी पिवळं केलं आणि नळी रॅकमध्ये ठेवली. मग गुडघे दुखत असतानाही खाली वाकल्या.

रॅकचं काळं प्लास्टिक नळीच्या निम्म्या उंचीपर्यंत येत होतं. त्याच्या वर नळी दिसत होती ती आरपार रिकामी. पाणी पार तळाशी, रॅकच्या आड बसलं होतं.

दादांनी जे पाहिलं म्हणून सांगितलं, ते दिसणं शक्यच नव्हतं.

४

पण दादा खोटं बोलले असते तर असं कशाला बोलले असते? चोर म्हणाला असता, मी ठेवलं आणि गेलो. पाणी दिसत होतं हे सांगायची त्यांना गरजच नव्हती. ते तोंडातून निघालं ते पाहिलेलं होतं म्हणूनच. मग एवढंसं पाणी रॅकच्या वर आलं कसं?

हा प्रश्न डोक्यात घेऊन सासूबाईंनी सूनबाईला बोलावलं.

ही मशीनची मांडणी संगणकात करणारी मुलगी. सासूबाईंची ती कोणी लागत नव्हती. पण त्यांनी सर्वांत जास्त चुका काढल्या त्या हिच्या कामात, त्यामुळे प्रयोगशाळेने हिचं आपोआप बारसं करून टाकलं होतं. कामाला चोख, बोलायला भित्री. आता तर तिची पाचावर धारण बसली होती.

"आजची मांडणी मी सही केलेलीच होती?"

"हो, मॅडम."

"नळीची जात, रॅकची जागा, पाण्याचं नाव?"

"सगळं तेच, मॅडम."

सासूबाईंनी आवाज चढवला नाही. चढवला की ही मुलगी हो मॅडमच्या पलीकडे जात नाही, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. त्यांनी तिला पाण्याचा ग्लास दिला आणि वॉर्डातल्या त्या आजारी मुलीबद्दलच बोलायला सुरुवात केली. किती लहान आहे, किती थोडं पाणी निघालं.

"मला एकच काळजी वाटत होती," त्या सहज म्हणाल्या. "एवढंसं पाणी. टिप तिथपर्यंत पोहोचणार कशी? पाण्याच्या वरच थांबून हवाच ओढायची."

"नाही, मॅडम, पोहोचणार होती की. अगदी तळाला टेकेपर्यंत जाणार होती, म्हणजे..." सूनबाईने जीभ चावली.

सही केलेल्या मांडणीत टिप तळाच्या बरीच वर थांबत होती. ते अंतर सासूबाईंनीच ठरवून दिलं होतं, तळाला आपटून टिप वाकू नये म्हणून. ही टिप तळापर्यंत जाणार होती, तर ती कोणीतरी खाली उतरवलेली होती. आणि हे कोणीतरी आता त्यांच्यासमोर हातात ग्लास धरून रडकुंडीला आलं होतं.

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या, पण त्यांना ती दिसत नव्हती. पाणी वर आलेलं. टिप खाली गेलेली. आणि मध्ये कुठेतरी काच वाजलेली.

त्या एकदम उठल्या.

"मशीनच्या डब्यातला कचरा कुठे आहे?"

"सफाईवाले मामा घेऊन गेले, मॅडम. आत्ताच. वाफेच्या भट्टीत टाकायला."

५

वाटेत सासूबाईंनी साहेबांना आणि दादांनाही सोबत घेतलं. जिना उतरताना साहेबांना धाप लागली, पण प्रश्न थांबेनात.

"कचऱ्यात काय मिळणार, मॅडम? पाणी तर गेलं!"

"पाणी कुठे गेलेलं नाही. जिथे ठेवलं होतं तिथेच आहे." सासूबाई दोन दोन पायऱ्या उतरत होत्या. मागून दादा आणि सूनबाई. "दादा, तुमच्या ड्रॉवरमधल्या काचेच्या बारीक नळ्या. दुसऱ्या मशीनच्या. खाली स्प्रिंगसारखे प्लास्टिकचे पाय असतात, त्या. त्यातली एक तुम्ही या नळीच्या आत बसवलीत. हो की नाही?"

दादा पायरीवरच थांबले. "हो, मॅडम. पाणी थोडं होतं. बारीक नळीत ते उंच चढतं. म्हटलं, टिपेला मिळेल."

"म्हणून ते रॅकच्या वर दिसलं. म्हणून बाहेरची नळी कोरडी. चला, थांबू नका." त्या पुढे निघाल्या. "आणि सूनबाई, पाणी थोडं म्हणून तू टिप तळापर्यंत सोडलीस. बाहेरच्या नळीच्या तळापर्यंत. आत दुसरी नळी आहे हे तुला माहीत नव्हतं."

आपण तिला तोंडावर सूनबाई म्हटलं, हे सासूबाईंच्या लक्षातही आलं नाही. तिच्या मात्र आलं.

"मग टिप त्या बारीक नळीत घुसली," साहेब म्हणाले, "आणि?"

"दाबून घुसली. खालचे पाय लवचिक, ते दबले, आणि टिप आत घट्ट रुतली. हात वर गेला तो काचेच्या नळीसकट. प्लेटवर जाऊन मशीनने इमानाने पाणी सोडलं. पण टिपेच्या खाली खळगा नव्हता, तीच नळी होती. ओढलेलं पाणी जिथून ओढलं तिथेच परत पडलं. मग टिप टाकायची पाळी आली. टिप गेली, बरोबर नळी गेली. ती वाजली, आणि ते प्रोफेसरांनी ऐकलं. मशीनला यातलं काहीच दिसलं नाही. त्याच्या लेखी सगळं बिनचूक."

जिना संपला. तळघराच्या टोकाला भट्टीच्या खोलीचा दिवा लागलेला होता आणि आतून वाफेचा फुसकारा ऐकू येत होता.

सूनबाई धावली. मागून सासूबाईंनी तिचा आवाज ऐकला. "मामा! पिवळी पिशवी! ती घातलीत का?"

भट्टीचं दार बंद होतं. काटा वर चढत होता.

"घातली की," मामा म्हणाले. "सगळ्या घातल्या."

दादा भिंतीला टेकून खाली बसले. साहेबांनी कपाळ पुसलं. मुलीच्या पाठीत पुन्हा जाणारी सुई सासूबाईंना दिसू लागली.

"एक सोडून," मामा सावकाश म्हणाले आणि टेबलाखाली बोट दाखवलं. "तिच्यावर चिठ्ठी नाही. कुठल्या मशीनची, कधीची, काही पत्ता नाही. चिठ्ठीशिवाय आत घालायची नाही, मॅडमचा नियम आहे. उगाच माझ्यावर खापर फुटेल."

नळी रिकामी पाहून भेदरलेले दादा पिशवीला चिठ्ठी लावायला विसरले होते.

६

पिशवी त्यांनी मोठ्या ट्रेमध्ये ओतली. हातमोजे घालून चौघेही एकेक टिप बाजूला करू लागले. सापडली ती दादांना. टिपेच्या टोकाला काचेचा मोजा घालावा तशी ती बारीक नळी घट्ट बसली होती, तोंडाला टिपेचंच बूच लागलेलं. आत पिवळसर पाणी हललं.

"आहे," दादा म्हणाले. एवढंच, आणि त्यांनी तोंड फिरवलं.

या खेपेला पाण्याला मशीनचा हात लागू दिला नाही. नळी बाहेरून पुसून स्वच्छ केली आणि दादांनी आपल्या न कापणाऱ्या हाताने पाणी काढलं. अर्धं पाणी लागलं, अर्धं जपून ठेवलं. संध्याकाळच्या आत जंतूचं नाव कळलं. डॉक्टरबाई फोनवर होत्या. त्यांनी नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं झालं थांबलो. मी दुसरं औषध सुरू करायच्या बेतात होते."

फोन ठेवल्यावर सासूबाईंनी दादांना आणि सूनबाईला बोलावलं.

"दोघांनीही चांगल्यासाठीच केलंत. पण मला का नाही विचारलं?"

सूनबाईने दादांकडे पाहिलं. दादांनी छताकडे. शेवटी तेच म्हणाले, "मॅडम, खरं सांगू? तुम्ही नाही म्हणाला असतात."

सासूबाई खरंच नाही म्हणाल्या असत्या. दोघांनाही. एका वाक्यात, मान वर न करता. मग टिप नियमाप्रमाणे तळाच्या वर थांबली असती, पाण्याच्या वर हवा ओढत, आणि तपासणी तरीही फसली असती. दोघांनी एकमेकांना सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण ज्याला जे लपवायचं होतं ते त्याने सगळ्यांपासूनच लपवलं होतं. आणि लपवायचं होतं ते त्यांच्यापासून. हे कळून त्यांना वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं घरी जाईपर्यंत गेलं नाही.

साहेबांना अहवालात दोषी माणसाचं नाव हवं होतं. "कोणाचं तरी घालावं लागेल, मॅडम. दादांचं की पोरीचं?"

"माझं घाला," सासूबाई म्हणाल्या. "मांडणीवर सही माझी आहे."

साहेबांना ती थट्टा वाटली. सासूबाईंनी पेन पुढे केलं, तेव्हा मात्र त्यांनी ते नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनच्या दारावर अगदी हलकी टकटक झाली. आत यायची परवानगी मिळूनही सूनबाई उंबऱ्यातच उभी होती. तिच्या मागे दादा होते, पुढे व्हायला तयार नसलेले.

"मॅडम, त्या मुलीचं उरलेलं पाणी. डॉक्टरबाईंनी आणखी एक तपासणी सांगितलीय. मशीनवर लावायचं आहे. तर आत बारीक नळी ठेवून मांडणीत तळ तिथे दाखवायचा, की नळी न ठेवता टिप खाली न्यायची? आम्ही दोघांनी बोलून पाहिलं. पण आमचं जमत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?"

रीतसर अर्ज करा, हे शब्द सासूबाईंच्या ओठांवर आलेच होते. समोरच्या दोन्ही खुर्च्यांवर फायलींचे ढीग होते. त्या उठल्या, ढीग उचलून जमिनीवर ठेवले, आणि खुर्च्या टेबलाजवळ ओढल्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "मला नीट सांगा. मला अजून माहीत नाही."